उधारीवरची नीती

परवाचीच गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गात आगरकर शिकवीत होतो. दुपारचा तास, मुले पेंगुळलेली, आणि मी मात्र रंगात आलेलो. देवाचा आधार न घेता हा माणूस किती स्वच्छ जगला, हे सांगत होतो. बड्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांसाठी घालवणार, असे त्यांनी आपल्या गरीब आईला कळविले. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही त्यांनी पाहिली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, गेले. तेव्हा उशाशी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवलेले होते, असे सांगतात. मरतानाही कुणाची उधारी नको!

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलाच्या वडिलांचे कापडाचे दुकान आहे, आणि हिशेब त्याच्या रक्तातच आहे.

“सर, आई देव मानणारी होती ना? मग शिल्लक तिची. आगरकरांनी ती फक्त खर्च केली. मुलाला पुरेल, नातवाला पुरेल. पुढे काय?”

मी गप्प झालो. पोराने नीत्शे वाचलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण देव सोडून त्याची नीती तेवढी जवळ ठेवू पाहणाऱ्यांवर नीत्शेने घेतलेला आक्षेप हाच होता. योगायोग असा, की ‘देव मेला’ हे त्याचे वाक्य १८८२ साली छापले गेले, आणि त्याच साली आमचे आगरकर टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढीत होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘विकारविलसित’ आले. ते ‘हॅम्लेट’चे मराठी रूप. जगावे की न जगावे या प्रश्नाने पोखरलेला राजपुत्र मराठीत आणला तो अशा माणसाने, ज्याला त्या दुखण्याची बाधा कधी झालीच नाही!

आपण ‘शून्यवाद’ हा शब्द फार सैल वापरतो. नागार्जुनाचे शून्य करुणेच्या आड येत नाही. तुर्गेनेव्हच्या १८६२ च्या कादंबरीतल्या बझारोव्हमुळे जो शून्यवाद जगभर गाजला, त्याची जात निराळी. माझ्या वर्गातला शून्यवाद तर त्याहून साधा आहे: “कोण बघतंय, सर?”

आगरकरांचे उत्तर मला पाठ आहे. मिल आणि स्पेन्सर वाचून ते तयार झालेले. नीती आकाशातून पडली नाही. माणसे एकत्र राहू लागली, कशाने सुख वाढते, कशाने दुःख वाढते हे अनुभवाने शिकली, त्यातून ती उपजली. ठीक. पण समाजाच्या सुखासाठी मी माझे का सोडावे? खरे सांगायचे तर इथे आगरकरांची लेखणी तापते, पण उत्तर काही हाती लागत नाही.

संध्याकाळी शहाड स्टेशनावरून कॅम्प एकमध्ये घरी येताना वाण्याच्या दुकानी थांबलो. आमचे हे गाव म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बरॅकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. दुकानातले म्हातारे शेठ त्या वेळी आठ वर्षांचे होते. वहीपूजनासाठी लाल वह्यांवर कुंकू लावीत बसले होते. मी सहज विचारले, “शेठ, बरॅकीत तुमच्या वडिलांनी उधारी दिली ती कुणाच्या भरवशावर? ओळख नाही, पत नाही.”

“अरे साईं, पत कुणाचीच नव्हती. सगळ्यांचे कागद तिकडेच राहिले. देवाचं म्हणाल, तर वडील वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हते. रागावले होते.”

“मग?”

“सकाळी त्याच नळावर भेटायचं होतं ना!”

पैसे बुडाले का, म्हणून विचारले. बुडाले की. एका माणसाचे नाव तर ते दर दिवाळीला जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवीत आले आहेत. रक्कम रुपयांत नाही, आण्यांत.

मला राहवले नाही. फाळणीत एकमेकांवर उठलेली माणसेही एकाच विहिरीचे पाणी पीत होती, आणि उठली ती देवाचेच नाव घेत. तसे मी बोलूनही गेलो. शेठ बराच वेळ कुंकवाचे बोट पुशीत राहिले.

“होती, मास्तर. विहीर एकच होती. म्हणून तर वडील इथे आल्यावर जास्त उधारी देत.”

म्हणजे शिल्लक वारशानेच येते, हे पुरते खरे नाही. जिथे सगळीच बुडाली होती, तिथे ती आण्याआण्याने पुन्हा टाकली गेली. आणि टाकणाऱ्याचे तेव्हा देवाशी बोलणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळे सांगितले. जरा विजयी मुद्रेनेच, कबूल करतो. मागच्या बाकावरचा शांतपणे म्हणाला,

“पण सर, आता नळ घरोघरी आहेत.”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि हजेरीपट उघडला.