पाठीवरून नेता येईल असं घर

जासईहून उरणकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरच कंटेनर. 1989 साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि जिथे भाताची खाचरं होती तिथे रिकाम्या कंटेनरच्या थप्प्या लागल्या. त्या थप्प्यांच्या आडोशाला काही पत्र्याच्या शेड आहेत. तिथे कंटेनर कापून राहण्याजोग्या केबिनी करतात. बराचसा माल बांधकामांच्या साइटवर जातो, ऑफिस म्हणून नाहीतर वॉचमनची खोली म्हणून. पण कुठे दरड कोसळली, गाव गाडलं गेलं, की मागणी येते ती घरांची. ते काम बघायला मी अशा एका शेडमध्ये जात असतो.

घर गेलं, जमीन गेली, म्हणजे माणसाचं काय होतं हे जासईला कुणी समजावून सांगायला नको. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं हे गाव. 1984 च्या जानेवारीत संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथल्या पंचक्रोशीतली माणसं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यामुळे ‘पुनर्वसन’ हा सरकारी शब्द इथे कुणी सहज उच्चारत नाही.

शेडमधला मिस्त्री पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. वीस फुटी कंटेनर समोर आला की तो आधी खडूने दार आणि खिडक्या आखतो. मग गॅस कटर. नागमोडी पत्रा कापला की तो लगेच त्या भोकाला चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून घेतो. दिसायला तो नुसता पत्रा, पण छताचा भार पेलण्यात त्या नागमोडी भिंतीचाही वाटा असतो. मोठं भोक पाडून ते तसंच सोडलं, तर छत हळूहळू बसतं. पुढे आतून अँगलचा सांगाडा, त्यात रॉकवूल, त्यावर प्लाय. जमिनीचा मूळचा प्लायवूड इंचाहून थोड्या जास्त जाडीचा. तो वाळवीला, किड्यांना दाद देऊ नये म्हणून पुष्कळदा औषध पाजलेला असतो. ज्या घरात रांगतं पोर असणार तिथे तो उघडा ठेवायचा नाही, वर सिमेंट बोर्ड टाकायचा, हा मिस्त्रीचा कटाक्ष. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कंटेनरच्या डोक्यावर फूटभर वर उचललेलं पत्र्याचं दुसरं छप्पर. मेमधल्या दुपारी या पोलादाला हात लावून बघावा, म्हणजे त्या छपराची किंमत कळते. गिऱ्हाईक पैसे वाचवायला आधी तेच कापतं.

एवढं करून घर तयार होतं, हायड्रा क्रेन ते उचलते, ट्रेलरवर ठेवते. अडचण सुरू होते ती यानंतर. रिकामा कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास, वर आतलं काम. ट्रेलरला लागतो रुंद रस्ता आणि वळायला जागा. डोंगरातल्या वाडीला यातलं काहीच नसतं.

इर्शाळवाडी इथून तशी लांब नाही, याच रायगड जिल्ह्यातली, इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड आली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. पावसात, धुक्यात चिखलाच्या पायवाटेने माणसंच चढली, कुदळी-फावड्यांनी माती उपसली. जेसीबी पोचणार नव्हता, हवेमुळे हेलिकॉप्टर उतरणार नव्हतं. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. सत्तावीस मृतदेह हाती लागले, पन्नासहून अधिक माणसं मातीतच राहिली. वाचलेल्यांसाठी कंटेनर आले ते खाली, चौक गावाजवळ. तिथे दरडीची भीती नव्हती, हे खरंच. पुन्हा त्याच उतारावर कुणाला ठेवणंही शक्य नव्हतं. पक्की घरं बांधायचं काम सिडकोकडे गेलं आणि वर्ष उलटलं तरी संसार कंटेनरमध्येच होते.

इर्शाळवाडीला खाली येण्यावाचून पर्याय नव्हता. भूकंपात मात्र प्रश्न वेगळा असतो. घरं पडतात, पण शेत, गोठा, पाण्याचा झरा, गुरांची वैरण तिथेच असते. माणूस तिथून हलत नाही आणि हलू नये. अशा ठिकाणी घरच वर गेलं पाहिजे. मिस्त्रीला हे पुस्तकातून कळलेलं नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनानगर हादरलं तेव्हा त्याची आई लग्नाची व्हायची होती. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. कोयनेचं वीजघर बंद पडलं आणि मुंबईतही अंधार झाला.

“आमच्याकडं भिंत जाड म्हणजे घर पक्कं असं समजायचे,” तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. “त्या रातीला जाड भिंतीच अंगावर आल्या. आई सांगती, कुडाच्या झोपडीत निजलेली माणसं उठून बाहीर आली.”

भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. घर जड, तेवढा धक्का मोठा. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंतीत आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधलेली नसली तर दोन्ही दोन बाजूंना फुगतात आणि कोसळतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मराठवाड्यातल्या किल्लारी, सास्तूरला हेच झालं. गणपती विसर्जन करून माणसं निजली होती, वर मातीने लादलेली माळवदं होती. किल्लारीनंतर भिंतीतून आरपार जाणारे बांधदगड घालून जुनी घरं मजबूत करायचं काम मोठ्या प्रमाणावर झालं, त्यात महिला मंडळांच्या बायका संवाद साहाय्यक म्हणून गावोगाव फिरल्या. पण तोवर अनेकांची वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच गेली. नेपाळात 2015 च्या भूकंपानंतर डोंगरातल्या लोकांनी पहिले पावसाळे आणि हिवाळे असेच पत्र्याखाली काढले. तात्पुरतं म्हणून दिलेलं घर दोन-तीन वर्षं राबतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते चार महिन्यांच्या हिशेबानेच बनवलं जातं. माझा राग त्यावर आहे.

म्हणून मिस्त्रीने सध्या हाती घेतलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. हे घर कंटेनरचं नाही. दोन इंची चौकोनी पाइपचा सांगाडा आणि फोम भरलेल्या पफ पॅनेलच्या भिंती, सगळं सुटं, नटबोल्टने जुळणारं. एका पॅनेलचं वजन पंचवीस-सव्वीस किलो. दोघांनी पायवाटेने न्यावं, दमले तर टेकवावं. लांबीचे पाइपही त्याने मधोमध तोडून जोडाचे केले, कारण डोंगरातल्या वळणावर वीस फुटी पाइप दरीकडे निघतो. जोडाचे बोल्ट सगळे एकाच मापाचे, बारा एमएमचे. त्यामुळे एकोणीस नंबरचे पाने हातात असले की आख्खं घर उभं राहतं. प्रत्येक कोपऱ्यात तिरका ताण दिलेला, घर डुललं तरी चौकोन मोडू नये म्हणून. हलक्या घराला भूकंपापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. त्यासाठी पायाशी काँक्रीटच्या खड्ड्यात पुरायचे बोल्ट वेगळे.

प्रत्येक तुकड्यावर रंगाने अक्षर आणि आकडा आहे. पुढची भिंत ‘पु’, मागची ‘मा’, छपराला ‘छ’. हे घर उभारणार तो कंपनीचा माणूस नसेल, वाडीतलाच कुणी असेल, म्हणून अक्षरं मराठी. चाचणीही त्याने तशीच घेतली. ज्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं अशा तिघा हमालांना शेडबाहेर नुसता ढीग आणि पाने दिले, आणि स्वतः लांब खुर्ची टाकून बसला. कुठे अडतात तेवढंच बघत होता. छपराचा ‘छ 3’ आणि ‘छ 4’ ते दोनदा उलटे लावत होते. दुसऱ्या दिवशी त्या दोन तुकड्यांची भोकं त्याने वेगवेगळ्या अंतरावर पाडली. आता चुकीचा तुकडा बसतच नाही.

आणखी एक भाग त्या ढिगात आहे, ‘प’. पडवी. चार फुटी पत्रा, तीन खांब. ज्या संस्थेने ही घरं मागवली तिच्या मागणीच्या कागदात ती नव्हती. पूर्वी एका वाडीसाठी त्याने कंटेनरच्या खोल्या पाठवल्या होत्या. तिथल्या एका आजीने त्याला विचारलं होतं, “बाबा, चूल कुठं मांडू? आन् पावसाळ्यात लाकडं कुठं ठेवू?” आत चूल पेटवली तर धूर कोंडतो, बाहेर मांडली तर पाऊस. शेळी कुठे बांधायची, भाताची कणगी कुठे, आलेगेले बसणार कुठे, या सगळ्यांची जागा डोंगरातल्या घरात पडवीच असते. मिस्त्रीने हिशेब मांडला तेव्हा पडवीचा खर्च कंटेनरवरच्या दुसऱ्या छपराच्या निम्म्याहूनही कमी निघाला. मागणी देणाऱ्या संस्थेने आधी ती नको म्हटलं, घरांचा आकडा कमी होईल म्हणून. मग त्यांच्यातल्याच एका ताईंनी, ही घरं जाणार होती त्या वाडीत फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि बायकांनाच विचारलं. घरं दोनने कमी झाली तरी चालतील, आम्ही दाटीवाटीने राहू, पण पडवी पाहिजे, असं उत्तर आलं.

आता सगळ्या घरांना ‘प’चे तुकडे कापले जात आहेत, आणि त्या दोन घरांचे पैसे उभे करायला जासईतली मंडळी वर्गणी काढत आहेत.