हलक्या विमानाचें एंजिन

रस्त्यानें जाणारी मोटार बंद पडली, तर चालक खालीं उतरून झांकण उघडून पाहतो. फार झालें तर उतारूंस पायीं चालावें लागतें. आकाशांत ही सोय नाहीं. विमानाच्या एंजिनाची रचना समजून घेतांना ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत ठेवावी.

राईट बंधूंना हवें तसें हलकें एंजिन कोणत्याही कारखान्याकडून मिळेना. तेव्हां डेटन येथील त्यांच्या सायकलींच्या दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर यानें सुमारें सहा आठवड्यांत तें घडविलें. वजन सुमारें १८० पौंड, शक्ति सुमारें १२ अश्वांची. फेब्रुवारी १९०३ मधील चांचणींत त्याचा ॲल्युमिनियमचा ओतीव सांगाडा फुटला व दुसरा ओतवून घ्यावा लागला. त्याच वर्षीं १७ डिसेंबर रोजीं तें आकाशांत गेलें. सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचें झालें.

आजच्या बहुतेक लहान एंजिनांचें मूळ तत्त्व तेंच आहे. दट्ट्या प्रथम पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढतो, मग तें दाबतो. ठिणगी पडतांच स्फोटानें स्वतः ढकलला जातो, आणि शेवटीं जळका वायु बाहेर घालवितो. वजन वाचावें म्हणून पुष्कळ एंजिनांत पाणी नसतें. सिलिंडरांवरील पातळ पापुद्र्यांस लागणारा वाराच त्यांस थंड करितो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें, तें हवेनें थंड होणाऱ्या अशाच एका चार सिलिंडरांच्या एंजिनाच्या भरंवशावर.

ठिणगी चुकूं नये म्हणून बहुधा प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग व एंजिनास दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. मॅग्नेटोस बॅटरीची गरज नसते. उड्डाणापूर्वीं वैमानिक ते एकेक बंद करून दुसऱ्याची परीक्षा घेतो.

आतां एक नवल पाहा. माठांतील पाणी बाहेर पाझरून त्याची वाफ होते, म्हणून आंतील पाणी गार होतें. कार्ब्युरेटरांतही पेट्रोलाची वाफ होतांना उष्णता शोषिली जाते. त्यामुळें बाहेर २० अंश सेंटिग्रेड उष्णता असली, तरी दमट हवेंत आंत बर्फ धरतें व एंजिनाचा श्वास कोंडतो. वैमानिक मूठ ओढून गरम हवा आंत सोडतो. वितळलेलें पाणी आंत जातांच एंजिन प्रथम अधिकच खोकूं लागतें. अननुभवी मनुष्य येथें घाबरतो, गरम हवा बंद करितो आणि संकट ओढवून घेतो. जाणता मनुष्य कांहीं क्षण धीर धरतो. एंजिन पुन्हा सुरळीत चालूं लागतें.

घरीं विमान बांधणारे कांहीं हौशी लोक फोक्सवॅगन मोटारीचें एंजिन बसवितात. परंतु मोटारीचें एंजिन सदैव पूर्ण शक्तीनें चालत नाहीं. विमानाचें दीर्घकाळ जवळजवळ तसेंच चालतें. शिवाय पंखा फार वेगानें फिरला, तर त्याचीं टोंकें ध्वनीच्या वेगाजवळ पोहोंचून बरीच शक्ति वायां जाते. म्हणून असें एंजिन आधीं जमिनीवर तासन्‌तास चालवून पाहावें लागतें. ज्याला ही जमिनीवरची परीक्षा कंटाळवाणी वाटते, त्यानें आकाशाची वाट न धरलेलीच बरी.