उन्हातून उन्हाकडे : क्रीटच्या सुट्टीची पूर्वतयारी

कुवेतमधील मराठी कुटुंबाची उन्हाळी सुट्टी म्हणजे मुंबईचे तिकीट, चार बॅगा आणि आजोळ, हे समीकरण आता थोडे सैल झाले आहे. मंगफ-फहाहीलला बिऱ्हाड आणि वफ्राच्या तेलक्षेत्रावर नोकरी असणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गप्पांत हल्ली सायप्रस, माल्टा, क्रीट ही नावे येतात. भूमध्य समुद्र, ऑलिव्हची झाडे, मुलांना पोहायला स्वच्छ पाणी! जरूर जावे. मात्र ज्या वर्षी घरी कोणाचे ऑपरेशन किंवा लग्न असेल, त्या वर्षी हा बेत बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. एका वर्षात दोन्ही खर्च पेलणारे आपल्यात थोडेच.

उदाहरणादाखल ग्रीसचे क्रीट बेट घेऊ. जूनमध्ये निघायचे तर कामाला जानेवारीत लागावे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यातून उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जाची तारीखच लवकर मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पाने असलेला हवा. सिव्हिल आयडीची मुदतही याच वेळी पाहून घ्यावी. इकामा जुलैत संपत असेल तर आधी त्याचे नूतनीकरण, मग व्हिसा. हा क्रम उलटा केला की सगळेच अडते.

खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी वाढली आहे. १ जुलै २०२५ पासून देशाबाहेर जाताना मालकाच्या संमतीचा परवाना लागतो आणि तो ‘सहल’ या सरकारी ॲपवरून मागता येतो. (अरबीत सहल म्हणजे सोपे. मराठीतला अर्थ तर आपल्याला ठाऊक आहेच!) म्हणून रजा तोंडी मंजूर झाली यावर विसंबू नये. विशेषतः कंत्राटी कामावर असणाऱ्यांनी प्रकल्पाच्या तारखा पाहून रजा लेखी घ्यावी.

आता पैशाचे. व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ आहे. म्हणजे नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाला २२५ युरो, शिवाय केंद्राचे सेवाशुल्क. दिनारला गेल्या काही वर्षांत पावणेतीन ते सव्वातीन युरो मिळत आले आहेत, त्यावरून हिशेब करावा. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये, ते कितीही स्वस्त दिसो. हॉटेलही रद्द करता येईल असेच घ्यावे. ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात हॉटेलच्या खोलीमागे दर रात्री सरकारी कर पडतो. २०२५ च्या दरांनी तो तीन तारांकित हॉटेलात ५ युरो आणि चार तारांकितात १० युरो होता, आणि बऱ्याचदा तो तिथे गेल्यावरच मागतात. दुकानात कार्ड दिल्यावर ‘दिनारमध्ये की युरोमध्ये?’ असे यंत्र विचारते, तेव्हा युरो निवडावे. दिनार निवडले की दर त्यांचा लागतो, आणि तो सहसा महागच असतो. या सगळ्यासाठी जानेवारीपासून दरमहा ठराविक रक्कम बाजूला टाकावी किंवा भिशीचा नंबर मे महिन्यात मागून घ्यावा. क्रेडिट कार्डावरची सुट्टी दिवाळीपर्यंत फेडत बसावी लागते.

विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. एजंट सर्वांत स्वस्त पॉलिसी काढून देतो, दूतावासाचे समाधान होते आणि आपण ती न वाचता फाईलला लावतो. आपल्या वयात निम्म्या घरांत कोणाला तरी मधुमेह किंवा रक्तदाब असतोच. स्वस्त पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार’ बहुधा वगळलेले असतात. म्हणजे ज्या दुखण्याची भीती, नेमका त्याचाच खर्च आपल्या खिशातून. शंभर युरोच्या आत पडणारी पॉलिसी आणि हृदयविकारानंतरचे परदेशी इस्पितळाचे बिल यांची तुलना करून पाहावी. कुवेतचा सरकारी आरोग्य विमा कुवेतबाहेर उपयोगाचा नाही. युद्धामुळे होणारे नुकसानही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कुवेतचे आकाश काही काळ बंद झाले होते, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून चार-पाच दिवस जास्त राहावे लागले तर पुरेल एवढी रक्कम वेगळी ठेवावी आणि रजेच्या अगदी शेवटच्या दिवशीचे परतीचे विमान घेऊ नये.

आता उन्हाचे. ‘आम्हाला क्रीटचे ऊन काय करणार?’ असे पुष्कळजण म्हणतात. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. क्रीटमध्ये जुलैत दुपारी तिशीच्या आसपास असते. पण खरे पाहता वफ्राच्या उन्हात काम करतात ते रिगवरचे आणि शेतांवरचे कामगार. आम्ही सर्व्हर-रूमवाले घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत, सगळीकडे एअरकंडिशनर! शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सुट्टी तेवढीच असते. शिवाय बेटावर आपण चालतो, चढतो, वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि पाणी प्यायचे राहून जाते. जून २०२४ मध्ये ग्रीसच्याच सीमी बेटावर ब्रिटिश दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मायकल मोस्ली भर उन्हात एकटे चालत निघाले आणि चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. क्रीटमधली समारिया घळ १६ किलोमीटरची आहे. लहान मुले किंवा गुडघे धरलेली मंडळी घेऊन तिच्यात उतरू नये. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी असते. तोच नियम सुट्टीलाही लावावा.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यामुळे उन्हात त्यांचा डोस बदलायचा का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नये, तिथे ते गोठू शकते. राहायची जागा हेराक्लिओन किंवा खानियाच्या जवळ पाहावी, कारण दोन्हीकडे मोठी इस्पितळे आहेत. दक्षिण किनारा सुंदर आहे, पण मधे डोंगराची वळणे आहेत. तातडीसाठी ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावा.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींनी करू नये. फावा म्हणजे आपले घट्ट वरणच! मेतकूट मात्र बरोबर असावे.

शेवटी कागदपत्रे. २ ऑगस्ट १९९० ला कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा अनेक कुटुंबे सुट्टीसाठी बाहेर होती आणि त्यांचे सारे कागद इथल्या कपाटात राहिले. प्रमाणपत्रे, पासबुके, विमा आणि सिव्हिल आयडी यांच्या प्रतींचा एक संच गावी भावाकडे आणि एक इथल्या विश्वासू शेजाऱ्याकडे, निघण्याच्या आठवडाभर आधी पोचवावा.