पत्रमैत्री आणि सजवलेलं पाकीट

पत्रमैत्रीचा विचार आपण पाकिटापासून सुरू करू. आतला मजकूर एकाच माणसासाठी; पाकीट मात्र टपालपेटीपासून पोस्टमनपर्यंत सगळे पाहणार. तरीही लोक त्यावर वेलबुट्टी काढतात, रंग भरतात. फक्त पत्त्याला जागा सोडावी लागते. आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, रेल्वे आणि बाजार. वेलीच्या पानाखाली 'रेल्वे' झाकलं, की पत्र गेलंच बाजारला! सारख्या नावांच्या अशाच घोळावर टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ ला. ते संस्कृत कवीही होते, हे आम्हाला फार आवडतं.

आनंद कशाचा? दूरच्या कुणीतरी आपल्यासाठी वेळ घालवला, हे हाताला लागतं. खोडलेला शब्द, जागा संपली म्हणून समासात चढलेली ओळ, यांत माणूस दिसतो. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत. पत्रांत मात्र मोकळे होत. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. जरूर वाचा. पण छापील अक्षर सगळ्यांचं सारखंच दिसतं, हो ना?

म्हणून घरात जुनी पत्रं असतील तर पाकिटंही ठेवा. पत्रावर तारीख घालायची पुष्कळजण विसरतात. शिक्क्यावर ती असते.