नारायणगडाचे चोवीस बाइट

बीड जिल्ह्यातले नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. वारकरी त्याला धाकटी पंढरी म्हणतात. हे नाव सर्व्हरवर साठवले की त्याचे 8 संकेत होतात : न, काना, र, काना, य, ण, ग, ड. युनिकोडने प्रत्येक संकेताला एक क्रमांक दिला आहे. न 2344, काना 2366, र 2352. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला 3 बाइट लागतात. म्हणजे न हे अक्षर डिस्कवर 224, 164, 168 अशा तीन आकड्यांनी उतरते आणि पूर्ण नाव 24 बाइटांत बसते. वाचणाऱ्याला मात्र ना, रा, य, ण, ग, ड अशी सहाच अक्षरे दिसतात.

सहा, आठ की चोवीस, हे प्रत्येक प्रोग्रामिंग भाषा आपापल्या परीने ठरवते. या नावाची लांबी विचारल्यावर पायथन 3, जावा आणि जावास्क्रिप्ट 8 सांगतात. गो आणि रस्ट बाइट मोजतात, म्हणून 24 सांगतात. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजते आणि 6 सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि कोणती भाषा काय मोजते हे तिच्या संदर्भग्रंथात स्पष्ट लिहिलेले असते. अडचण डेटाबेसमध्ये रकान्याची रुंदी ठरवताना येते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल रुंदी अक्षरसंकेतांत मोजतात. ओरॅकल वेगळे सांगितले नाही तर बाइटांत मोजते. तिथे 20 रुंदीचा रकाना इंग्रजी नावाला ऐसपैस होतो, पण त्यात नारायणगड मावत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर जुन्या व्हारचार रकान्यात मराठी मजकूर टाकला की अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे जमा होतात. एनव्हारचार रकाना घेतला, पण आज्ञावलीत मजकुराआधीचे एन हे अक्षर लिहायचे राहून गेले, तरी तेच होते. असा मजकूर पुन्हा मिळवता येत नाही, कारण साठवलेली असतात ती प्रश्नचिन्हेच.

या व्यवस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे जे काम सुरू झाले, ते त्यावर काम करणाऱ्या मोहन तांबे यांच्यासह पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. सी-डॅकची स्थापना 1988 सालची. तिथल्या जिस्ट तंत्राने साध्या पीसीवर देवनागरी उमटू लागली. भारतीय लिपींसाठीचा इस्की हा संकेत 1991 साली भारतीय मानक झाला. युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991चीच. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988च्या आराखड्यावरून घेतली. आज जगभरातल्या फोनांवर मराठी ज्या क्रमाने साठते, तो क्रम मुळात इथल्या तंत्रज्ञांनी लावलेला आहे. हे श्रेय मराठी शाळांतल्या संगणकाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

मात्र या सगळ्या यंत्रणेत सर्वांत चिवट आणि सर्वांत विलक्षण भाग आहे तो दऱ्या, शेतकऱ्यांचा, बोऱ्हाडे या शब्दांतला अर्धा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीचे त्याच्यावाचून पानही हलत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्याला बोलावणे वेगळे आणि आचाऱ्याला बोलावणे वेगळे. पहिल्या शब्दात र चा रफार होऊन डोक्यावर जातो. दुसऱ्यात तो वळणदार आडव्या रेघेने पुढच्या अक्षराला चिकटतो.

ही रेघ उमटवण्याचे दोन मार्ग युनिकोडच्या मानकातच दिले आहेत. पहिल्या मार्गात ऱ हा स्वतंत्र संकेत (2353) घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साधा र (2352) घ्यायचा, पाय मोडायचा आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह (8205) ठेवायचे. हा दुसरा मार्ग युनिकोडच्या 2.0 आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे. दोन्ही कायदेशीर, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसणारे. पहिल्या मार्गाने बोऱ्हाडे हे आडनाव 8 संकेतांत आणि 24 बाइटांत बसते, दुसऱ्याने 9 संकेत आणि 27 बाइट होतात. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी आडनावे आहेत.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे ही कळ दाबली की ऱ मिळतो. उच्चारानुसारी कळफलकांत ज्याची त्याची पद्धत निराळी, त्यामुळे कोणता मार्ग वापरला गेला हे टंकलेखन करणाऱ्याला कळतही नाही. एका गावात बोऱ्हाडे नावाचे दोन खातेदार असतील आणि त्यांच्या नोंदी दोन वेगळ्या कळफलकांवरून झाल्या असतील, तर एकाच शोधात दोघेही सापडतील याची खात्री नाही.

अशा वेळी जाणकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाकडे बोट दाखवतात. सारखे दिसणारे संकेत एका साच्यात आणणारी ही प्रक्रिया बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या ग्रंथालयांत तयार मिळते. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ ती बरोबर ओळखते आणि 2353 मध्ये बदलते. जोडचिन्हाच्या मार्गाला मात्र ती हातही लावत नाही, कारण मानकाने हे दोन मार्ग समतुल्य ठरवलेले नाहीत. साठवणीच्या सॉफ्टवेअरचेही तेच. झेडएफएसमध्ये फाइलींच्या नावांचे प्रमाणीकरण करण्याची सोय आहे, पण ती साठा तयार करतानाच निवडावी लागते, नंतर बदलता येत नाही. आणि निवडली तरी अर्धा र सुटतोच. लिनक्सवरच्या ईएक्सटी4 मध्ये नेहमीच्या मांडणीत फाइलचे नाव ही केवळ बाइटांची रांग असते. तिची मर्यादा 255 बाइट, म्हणजे 85 देवनागरी संकेत. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा 255 संकेतांची आहे. म्हणून कचेरीतल्या विंडोजच्या संगणकावर सुखाने राहणारी लांबलचक मराठी नावाची फाइल लिनक्स सर्व्हरवर जाताना अडते.

क्रमवारीतही मराठीचे गाऱ्हाणे आहे. संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ळ हा ल नंतर आणि व च्या आधी येतो, कारण त्याचा क्रमांक तसा आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे मराठी वाचक ज्या काळे यांना कावळे, काशीद, कासार यांच्या खाली शोधतो, ते यंत्राच्या यादीत या सगळ्यांच्या वर बसलेले असतात. यावर उपाय आहे : मराठीचा क्रम जाणणारी नियमावली डेटाबेसला जोडायची. पोस्टग्रेसमध्ये 10 व्या आवृत्तीपासून त्यासाठी आयसीयू ग्रंथालय वापरता येते. पण हे कुणीतरी मुद्दाम मागावे लागते.

जुन्या मजकुराचा प्रश्न याहून कठीण आहे. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख यांसारख्या फॉन्टांवर मराठी छपाई आणि कचेऱ्यांचे कामकाज चाले. त्या पद्धतीत अक्षर साठत नसे, अक्षराच्या आकाराचे तुकडे साठत. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण दिसते आधी, म्हणून साठेही आधी. फॉन्ट काढला की मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा होतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत. पण रफार, अर्धा र आणि जोडाक्षरे यांवर ते सर्वाधिक अडखळतात. माणसांची आणि गावांची नावे शब्दकोशात नसल्याने तिथली चूक यंत्राला आपणहून पकडता येत नाही. ती नजरेनेच तपासावी लागते.

हा प्रश्न आता केवळ छपाईचा राहिलेला नाही. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. डिजिटल स्वाक्षरी दिसणाऱ्या अक्षरांवर नसते, साठवलेल्या बाइटांवर असते. स्वाक्षरी झालेल्या मजकुरातले एक अदृश्य जोडचिन्ह काढले तरी ती जुळत नाही. म्हणून जी काही दुरुस्ती करायची, ती नोंद होतानाच, स्वाक्षरीच्या आधी व्हायला हवी. र, मोडलेला पाय आणि जोडचिन्ह ही त्रयी दिसली की तिथे ऱ आणि मोडलेला पाय ठेवायचा, एवढे काम कोणत्याही भाषेत एका ओळीच्या आज्ञेने होते. शोधखिडकीत टाकलेल्या शब्दावरही तीच आज्ञा चालवावी लागते.

मराठी नोंदी ठेवणारे कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या ग्रामपंचायतीने, पतसंस्थेने, देवस्थानाने किंवा शाळेने ते ताब्यात घेण्यापूर्वी बोऱ्हाडे हे आडनाव दोन्ही मार्गांनी टंकून शोधून पाहावे, काळे आणि कासार यांची यादी लावून पाहावी, आणि दोन्हींची उत्तरे बरोबर येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.