बालवाडीतली प्रार्थना आणि खाऊ

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला एक धार्मिक न्यास तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी काढतोय. त्यांचे दोन विश्वस्त घरी आले आणि म्हणाले, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, आमच्या बालवाडीची मार्गदर्शक मूल्यं एका कागदावर लिहून द्या.’ मी कागद दिला नाही. प्रेम, सेवा, सत्य, करुणा हे शब्द कुठल्याही धर्माच्या संस्थेच्या भिंतीवर रंगवलेले सापडतात आणि त्यांच्याबद्दल कोणाचंच भांडण नसतं. भांडण निघतं ते सकाळी, प्रार्थना झाल्यावर खाऊ वाटताना.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बालवाडीत मी बसलो होतो. नाव सांगत नाही. ताईंनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले. तांड्यावरून येणारा चारेक वर्षांचा एक मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. ताई रागावल्या नाहीत, बाई मायाळू होत्या. नुसतं म्हणाल्या, ‘जो छान हात जोडेल त्याला मुरमुऱ्याचा लाडू आधी.’ दुसऱ्या दिवशी त्या लेकरानं सगळ्यांच्या आधी हात जोडले. ताईंना आनंद झाला. मला मात्र प्रश्न पडला की ह्यानं काय शिकलं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि मोठ्या माणसांनाही तो नीट सुटलेला नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचं शिक्षण घेतलं. (हा फ्रोबेल पाद्र्याचा मुलगा, स्वतः भाविक. तरी त्याची बालोद्यानं निरीश्वरवादी आहेत म्हणून प्रशियाच्या सरकारनं 1851 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली! मुलांना देव किती शिकवावा ह्याबद्दल सरकारांचाही गोंधळ असतो, बरं का.) 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा आणि मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि वचन असं की इथे धर्म शिकवला जाणार नाही. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर होते.

वचन मोडलं का? इथेच खरी गंमत आहे, किंवा खरं दुःख म्हणा. रमाबाई कोणाला प्रार्थनेला बोलावत नव्हत्या. पण स्वतःची प्रार्थना लपवतही नव्हत्या. त्यांच्या खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 1893 साली वादळ उठलं. सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’नं झोड उठवली. रमाबाई म्हणत, मी सक्ती कुठे केली? पालक म्हणत, आम्हाला हे सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. पुढे केडगावला मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चाललं. तिथे निदान येणाऱ्याला ठाऊक होतं आपण कुठे येतोय.

पण लक्षात घ्या, शारदा सदनातल्या मुली काही चार वर्षांच्या नव्हत्या. सोळा-अठराची मुलगी ‘आपणहून आले’ म्हणते त्याला अर्थ आहे. चार वर्षांचं पोर आपणहून आलं म्हणजे काय? ताई आवडतात म्हणून आलं, शेजारचा बसला म्हणून बसलं. ज्या वयात माया आणि श्रद्धा ह्यांतला फरक कळत नाही, त्या वयात ‘सक्ती नाही’ एवढं म्हणून संस्थेची सुटका होत नाही. म्हणून आपल्या घटनाकारांनी कलम 28 मध्ये लिहून ठेवलं की, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर त्या व्यक्तीची संमती लागते, आणि ती अज्ञान असेल तर पालकाची. संमती आधी घ्यायची असते. मूल घरी येऊन नवी प्रार्थना म्हणायला लागलं की मग नव्हे.

आणि ही संमती विचारायची कोणत्या भाषेत? आपल्याकडे कोलाम पोडावरची आई कोलामी बोलते, तांड्यावरची गोरमाटी. छापील मराठी अर्जावर अंगठा घेतला की कायदा कदाचित समाधानी होईल. मी होणार नाही.

एक विश्वस्त जरा दुखावून म्हणाले, ‘मग सर, आमचा धर्म बाहेर ठेवायचा का?’ मुळीच नाही. वाहतं नाक, ओली चड्डी, रडणं, हे सगळं रोज कमी पगारात करायला ताई का येतात? पुष्कळदा त्याच श्रद्धेमुळे येतात. ती श्रद्धा ताईंच्या हातात राहू द्या, सण करा, आपली प्रार्थनाही उघडपणे करा. माझं म्हणणं एवढंच की तिच्याशी लाडू, शाबासकी, पहिली जागा, मांडीवर बसणं, ह्यातलं काहीही बांधू नका. हात न जोडणाऱ्या पोराला ताईंची तेवढीच माया मिळते का, हे मी आधी बघेन. भिंतीवरचे शब्द त्यानंतर वाचेन.

शेवटी मी त्यांना सुचवलं की कागद नंतर लिहू. आधी प्रवेशापूर्वी आईवडिलांना एक पूर्ण सकाळ बालवाडीत बसवा, प्रार्थनेसकट. मग त्यांच्या भाषेत विचारा, ह्यातलं काय नको? आणि खाऊ प्रार्थनेच्या आधी द्या.

ते म्हणाले, ‘खाऊ आधी दिला तर प्रार्थनेला पोरं थांबतील का?’

मी म्हटलं, ते मलाही बघायचंय. जूनमध्ये बोलवा.