कॅमेऱ्याची सरासरी आणि आपली माणसे

कॅमेरा हे यंत्र आहे आणि यंत्राला जात नसते, असे आपण सहज म्हणून जातो. पण कोणता चेहरा समोर ठेवून ते यंत्र घडवले गेले, हा प्रश्न उरतोच. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. त्या कार्डांना ‘शर्ली’ हेच नाव पडले. तिची कांती नीट उमटली म्हणजे रंग जुळले, असे मानले जाई. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे चेहरे असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. तोवर कित्येक दशके ‘योग्य रंग’ ठरत होता तो गोऱ्या कातडीवरून.

आता फिल्म जवळजवळ गेली आणि मोबाइल आला. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींच्या हातात कॅमेरा आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एवढे अंतर दोन पिढ्यांत कापले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. पण कॅमेरा जवळ असणे वेगळे आणि तो चालवता येणे वेगळे. वस्तीवर, मोर्च्यावर, कामगारांवर लघुपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला किमान काय यायला हवे, ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट प्रकाशाची. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. प्रकाश मोजण्याची त्याची जुनी रीत अशी, की समोरच्या साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाएवढी आहे असे धरून चालायचे. नवे मोबाइल चेहरा ओळखू पाहतात, तरी ही सरासरी पुरती सुटलेली नाही. समजा, एक सफाई कामगार मावशी दारात उभ्या आहेत आणि मागे भर उन्हातला रस्ता आहे. कॅमेरा उजेड जास्त आहे असे ठरवून सगळे चित्र गडद करतो. रस्ता सुरेख दिसतो आणि मावशींचा चेहरा काळोखात जातो. ज्यांच्यासाठी आपण गेलो, त्याच दिसेनाशा होतात! उलट सावळा चेहरा चौकटभर घेतला, तर कॅमेरा त्याला उजळवून करडा, फिकट करतो. दोन्ही वेळा यंत्राने आपली सरासरी माणसावर लादलेली असते.

उपाय साधा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा; बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाश तेथेच पक्के होतात. मग चेहऱ्याचा मूळ वर्ण दिसेल इतपत उजेड कमी-जास्त करा. मागचा रस्ता पांढरा पडला तरी पडू द्या. त्याहून बरे म्हणजे मावशींना दारातून दोन पावले आत घ्या आणि दाराचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर बाजूने येऊ द्या. यासाठी पैसा लागत नाही, नजर लागते.

दुसरी गोष्ट गतीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. चित्रावर पट्टे सरकताना दिसतात ते यामुळे. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले, की ते थांबते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल, तर हाताने बदल करू देणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्यावे.

तिसरी गोष्ट उंचीची. जमिनीवर बसलेल्या माणसाचे चित्रण उभ्याने केले, की प्रेक्षकही त्याच्याकडे वरून पाहतो. वरून पाहिले जाणे आपल्या माणसांना नवे नाही. निदान आपल्या कॅमेऱ्याने तरी ते करू नये. आपणही खाली बसावे, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत धरावा. दोघे समोरासमोर बोलत असतील, तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पावी आणि सारे चित्रण तिच्या एकाच बाजूने करावे. नाहीतर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला तोंड करून बोलताना दिसतात.

चौथी गोष्ट आवाजाची. चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, बोलणे कळले नाही तर उठून जातो. दूरच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ, चौकटीबाहेर ठेवून आवाज स्वतंत्र नोंदवावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी टाळीचे दृश्य आणि टाळीचा आवाज जुळवला, की पुढचे सारे जुळते.

आता संकलनाकडे येऊ. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह, शॉटकट ही मुक्त साधने विद्यार्थ्याला पुरेशी आहेत. घरी आल्याबरोबर चित्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मग सगळे चित्रण एकदा बसून पाहावे आणि वहीत नोंदी कराव्यात: तारीख, जागा, कोण बोलले, काय बोलले. या कामाचा कंटाळा येतो, पण चित्रपट येथेच सापडतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसे मेली. त्यानंतर आनंद पटवर्धन यांनी चित्रण सुरू केले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षांच्या अशा साठ्याला नोंदींवाचून हात घालता येत नाही.

संकलनाची खरी ताकद जोडणीत आहे. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या थाळीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. आपल्या मावशींचा शांत चेहरा कचऱ्याच्या ढिगाला जोडा, त्या केविलवाण्या वाटतील. तोच चेहरा मागण्यांच्या फलकाला जोडा, त्या निर्धारी वाटतील. चेहरा तोच आहे. अर्थ आपण लावला.

म्हणून कात्री कोठे चालते याला महत्त्व आहे. मावशी म्हणतात, “काम वाईट नाही, पण हातमोजे मिळत नाहीत.” ‘पण’च्या आधी कापले तर वाक्य प्रशासनाच्या बाजूचे होते. पहिला भाग टाकून दिला तर श्रमाबद्दलचा त्यांचा स्वाभिमान जातो. पूर्ण वाक्य ठेवायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. ते द्यावेत. आणि अंतिम प्रत करण्यापूर्वी कच्ची प्रत त्यांना दाखवावी. चित्रणाआधी घेतलेली परवानगी कॅमेऱ्यासाठी होती. जोडणीसाठी ती पुन्हा विचारायला हवी.

हे सारे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकताना झाला आणि २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची नोंद झाली. शाळेची ओढ असलेल्या एका मुलाची ती गोष्ट. पुढे २०१३ साली ‘फँड्री’ आला.

आजवर आपण दुसऱ्यांच्या चौकटीत होतो. कधी कोपऱ्यात, कधी काळोखात. आता चौकट धरणारा हात आपला आहे. अशा वेळी कॅमेरा स्वयंचलित ठेवणे म्हणजे निर्णय पुन्हा दुसऱ्याच्या सरासरीवर सोपवणे होय. आणि तो निर्णय आपल्या हाती घेतला, की समोरचा माणूस आपल्या भरवशावर असतो. शिक्षकांनी वर्गात बटणे शिकवताना हा भरवसाही शिकवावा. सुरुवातीला एवढाच अभ्यास द्यावा: आपल्या आळीतल्या एका माणसाची तीन मिनिटांची मुलाखत, चेहरा स्पष्ट, आवाज स्पष्ट आणि वाक्य पूर्ण.